साथीला कोणी नको

भजनी मंडळाच्या वर्धापनदिनाचा फलक वाचला आणि सुधाकररावांनी ठरवलं, आता पेटी बंद. फलकावर गायिका जयवंतीताईंचा मोठा फोटो होता, टाळकऱ्यांची नावं होती, मंडपवाल्याचं नाव तर ठळक होतं. आणि त्या मंडपवाल्याच्याही खाली, मुंगीच्या अक्षरात, 'साथीला सुधाकर'. (मुंगीसुद्धा अशक्त असावी.) गोखिवऱ्याच्या त्या मंडळात ते ऐन तारुण्यापासून पेटी वाजवत आले होते. पण आपण वाजवतोय आणि वर कोणी गात नाहीये, असं सुख त्यांना एकदाही लाभलं नव्हतं.

"मी पियानो शिकणार," त्यांनी घरी जाहीर केलं. "एकट्याने वाजवायचं वाद्य आहे ते. माझ्या डोक्यावर बसून कोणी गाणार नाही."

त्यांच्या पत्नी विनयावहिनी भेंडी चिरत होत्या. "या वयात?"

"वयाचा काय संबंध?"

"बोटांचा तर आहे? लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही तुम्हाला."

झाकणाची गोष्ट वेगळी, असं सुधाकररावांचं ठाम मत होतं. ते तडक स्कूटर काढून शेजारच्या गास गावाला गेले.

गासला पॉलिन टीचर पियानो शिकवत. वाडीतलं घर, ओटीवर पियानो, आणि विद्यार्थी सगळे दुधाचे दात पडायच्या वयाचे. सुधाकरराव बाकावर जाऊन बसले तर शेजारच्या एका आईने विचारलं, "तुमचा नातू कुठला यातला?"

"मीच," सुधाकरराव म्हणाले, आणि मान ताठ ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

उजवा हात पहिल्या दिवसापासून शहाण्यासारखा वागला. घात केला तो डाव्याने. पियानोला भाता नसतो, हे सुधाकररावांच्या डोक्याला मान्य होतं, पण त्या हाताची सगळी हयात पेटीचा भाता मारण्यात गेली होती. उजव्याने सूर धरला रे धरला, की डावा पट्ट्या सोडून हवेत पुढे-मागे, पुढे-मागे करायला लागे.

"अंकल, टाटा कोणाला करताय?" पॉलिन टीचरनी विचारलं.

"हवा भरतोय."

"याला हवा नाय लागत."

"मला माहीत आहे हो. हाताला पटत नाहीये."

दुसरा कोणी असता तर त्याने पियानोला रामराम ठोकला असता. पण सुधाकरराव हट्टाला पेटले होते. जेवणाच्या टेबलावर, स्कूटरच्या सीटवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांच्या नाकासमोर, जिथे जागा मिळेल तिथे ते डावा हात बडवत राहिले. शेवटी तो वठणीवर आला आणि टीचरनी त्यांना एक छोटा मिन्युएट दिला. सुधाकररावांनी तीन-तीन मात्रा मोजल्या आणि म्हणाले, "हा तर दादरा."

"दादरा नाय अंकल, राजवाड्यातला नाच आहे तो. उजवा हात विचारतो, डावा उत्तर देतो. लिहिलंय तेच वाजवायचं, पण ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे तुमचं आहे."

हे बोलणं सुधाकररावांच्या मनात घर करून बसलं. आपला उजवा हात विचारतो तरी काय? पुष्कळ विचारांती त्यांना उत्तर सापडलं. उजवा विचारतो, 'मी एकटा पुरेसा आहे का?' आणि डावा म्हणतो, 'आहेस.' शेवटच्या ओळीत डाव्याने हे जरा दमाने म्हणायचं, असं त्यांनी परस्पर ठरवलं. टीचरनी ऐकलं, भुवया उंचावल्या, आणि तसंच राहू दिलं.

नाताळच्या आधी गासच्या हॉलमध्ये विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. तिथे सुधाकररावांनी चूक केली ती अशी, की अख्ख्या मंडळाला आमंत्रण दिलं. (बघा म्हणावं एकदा, हा होता त्यांचा सूक्ष्म हेतू.) मंडळ टेम्पो करून आलं, आणि येताना टाळ घेऊन आलं. आपला माणूस वाजवणार आणि आपण हाताची घडी घालून बसायचं, हे मंडळाच्या रीतीत बसत नव्हतं.

सुधाकरराव स्टेजवर गेले, वाकून नमस्कार केला आणि सुरुवात केली. पहिली ओळ होते न होते तोच मागून टाळ वाजला. मग दुसरा. दादऱ्यात अगदी चोख. आणि मग जयवंतीताईंनी सूर लावला. हॉल परका, म्हणून त्यांनी नाव कुठल्याच देवाचं घेतलं नाही, नुसता आकार लावला. पण तो असा लावला, की कौलं थरथरली.

गाणारा थांबत नाही तोवर पेटीवाल्याने थांबायचं नाही, हा मंडळाचा कायदा. सुधाकरराव थांबेनात. पेटीवाला वाजवतोय तोवर गाणाऱ्याने त्याला उघड्यावर सोडायचं नाही, हा जयवंतीताईंचा कायदा. त्याही थांबेनात. मिन्युएट संपला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा संपला. लोक ठेक्यात टाळ्या वाजवू लागले. पॉलिन टीचर कपाळाला हात लावून पडद्याआड उभ्या होत्या. आणि सुधाकररावांनी पाहिलं तर त्यांचा डावा हात हवेत भाता मारत होता.

तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि आयुष्यात पहिल्यांदा गाणाऱ्याच्या आधी थांबले. जयवंतीताईंचा आकार एकटाच लोंबकळत राहिला.

"ताई, खाली बसा," सुधाकरराव वळून म्हणाले. "हे माझं आहे."

"अरे पण सुधाकर, फार उघडं वाटतंय रे ते."

"वाटू दे उघडं. मला तसंच हवंय."

ताई बसल्या. टाळ पिशव्यांत गेले. सुधाकररावांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मध्ये एक स्वर चुकला, तरी ते मागे फिरले नाहीत. शेवटच्या ओळीत डाव्याने दमाने उत्तर दिलं. हॉलमध्ये त्या स्वरांशिवाय दुसरं काही नव्हतं. टाळ्या पडल्या तेव्हा विनयावहिनी सर्वांच्या आधी उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीचरचा फोन आला. सुधाकररावांनी वहिनींना हाक मारली आणि फोन मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"अंकल, कालच्यापासून पालकांचे फोनवर फोन येतायत. पोरांनी पण डोकं खाल्लंय. पुन्हा कधी, पुन्हा कधी."

"मी केव्हाही तयार आहे," सुधाकरराव खर्जात म्हणाले.

"मग त्या जयवंती आंटीचा नंबर द्याल? सगळ्यांना त्यांच्याकडे गाणं आणि टाळ शिकायचाय. दर शनिवारी आपल्याच ओटीवर वर्ग ठेवूया म्हणते."

सुधाकररावांनी घाईघाईने स्पीकर बंद केला. वहिनी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या.

"आणि मी?" सुधाकररावांनी विचारलं.

"असं काय विचारताय अंकल? तुम्ही तर पायजेच. तुम्ही नाय आलात तर पेटी कोण वाजवणार?"