जर-तरला चहा नाही

कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर निर्मलाकाकू राहतात. त्यांच्या घरात कोणाच्या तोंडून ‘असतं तर’ निघालं की त्याचा चहा बंद. कपात ओतलेला चहा परत भांड्यात जाताना मी या डोळ्यांनी पाहिला आहे. माझाच होता. "लवकर निघाली असती तर बस मिळाली असती," एवढंच मी म्हटलं होतं.

"नाही निघाली न? झालं! जर-तर कशाले करून राहिली?"

काका गेल्यापासूनचा हा कायदा. सराफ्यातसुद्धा तोच. सोनार बिचारा म्हणाला, "आंटी जी, पिछले हफ्ते आतीं तो सस्ता पड़ता." काकू कडाडल्या, "भैया, आतीं-वातीं कुछ नहीं! आज का बोलो!" भाव काही उतरला नाही, सोनाराचा चेहरा तेवढा उतरला.

अशा बाईनं सत्तरीत स्पॅनिश शिकायला घेतलं. लेक मीनल स्पेनमध्ये असते, जावई तिथलाच. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विहीणबाई येतात, पिलारबाई. त्यांच्याशी बोलायला ‘मी जाते, मी खाते’ पुरलं असतं की नाही? पण काकू धरून बसल्या व्याकरणातला नेमका तो काळ, ज्यात जर-तरशिवाय दुसरं काही नाही. आली असती तर, झालं असतं तर. पोळ्या लाटताना उबिएरा, कुकरच्या शिट्टीवर उबिएरास, जिना चढताना उबिएरामोस! माझं तर डोकं उठलं बाई.

मीनल फोनवर म्हणाली, "आई, तेवढं सोड न. इथल्या पोरांनाही जड जातं. मी सांगते न तुझं त्यांना."

"तू काय सांगते मले माहीत आहे! मी एवढं बोलते अन् तू थँक्यूचं एक ‘ग्रासियास’ टेकवून मोकळी. काहून सोडू? आता तर सोडतच नाही!"

मीही चिडले. "काकू, आमचा चहा बंद, आणि तुमचं दिवसभर जर-तर?"

"एक वाक्य बोलायचं आहे विहिणीशी. मग पुस्तक बंद."

मीनलचं बाळंतपण फार अवघड गेलं होतं. काका तेव्हा इथे अंथरुणाला खिळलेले, काकूंना जाता आलं नाही. दवाखान्यात पोरीच्या उशाशी पिलारबाई बसून राहिल्या. त्यांचे आभार काकूंना स्वतःच्या तोंडानं मानायचे होते, आणि ते वाक्य या काळाशिवाय होतच नाही.

गेल्या रविवारी मला मुद्दाम बोलावलं. चहा ठेवला. पिलारबाई पडद्यावर आल्या, मीनलनं सवयीनं तोंड उघडलं.

"तू चूप बस!" काकूंनी पदर खोचला. "सि उस्तेद नो उबिएरा एस्तादो, मि इखा अब्रिआ एस्तादो सोला."

म्हणजे, तुम्ही नसता तर माझी पोरगी एकटी पडली असती.

पिलारबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मीनल तर हुंदके द्यायला लागली. काकूंनी ऐटीत माझ्याकडे पाहिलं. "बघ! एक चूक नाही!"

फोन बंद झाला. मी टाळ्या वाजवल्या, पण काकू जागच्या हलल्या नाहीत. मराठीत म्हणाल्या, "मी गेली असती तर पोरीनं माझा हात धरला असता."

बोलल्या आणि स्वतःच दचकल्या. समोरचा रिकामा कप बाजूला सरकवला. कायदा म्हणजे कायदा.

"चुलीत गेला तुमचा कायदा," मी म्हटलं, आणि त्यांचा कप काठोकाठ भरला.