सूनबाईला आत्या मानवेना

आत्यांनी घरात पाऊल टाकलं, खिडकीच्या कट्ट्यावरून चार बोटं फिरवली, तिथून ती टेबलाच्या कडेवर आणली, टेबलावरून फ्रिजच्या दारावर नेली आणि मगच त्या खुर्चीत टेकल्या.

"छान ठेवलंयस हं घर," त्या म्हणाल्या.

सूनबाईने त्या चार बोटांकडे पाहिलं. दुसरी कुणी असती तर हे वाक्य चहाबरोबर पिऊन मोकळी झाली असती. पण आत्यांनी उभा जन्म मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर म्हणून काढला होता. तिथे माश्यासुद्धा पाय पुसून आत येतात, असं नातेवाइकांत बोललं जाई. अशा बाईने खिडकीच्या कट्ट्यावरून बोटं फिरवली, ती काही उगाच नव्हेत, एवढं सूनबाईला कळत होतं.

सूनबाई म्हणजे काही कोवळी पोर नव्हे. पंचेचाळिशी ओलांडलेली, चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळणारी बाई. सासू-सासरे जाऊन जमाना झाला, पण त्यांनी लावलेलं नाव मागे राहिलं ते राहिलंच. आत्या तिला सूनबाई म्हणत, शेजारी म्हणत, आणि एकदा गर्दीत चुकामूक झाली तेव्हा सख्ख्या नवऱ्यानेही "सूनबाई! ओ सूनबाई!" अशीच हाक मारली होती.

आत्या नवऱ्याच्या. राहायला चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. भाचा गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडणार आणि आत्या कठड्याला धरून जिने चढणार, हे बरं दिसत नव्हतं. म्हणून ठरलं होतं की आत्यांनी महिनाभर राहून बघायचं. जमलं तर कायमचं. नाहीतर त्यांनी एका वृद्धाश्रमात नाव घालून ठेवलेलंच होतं.

आत्या राहाव्यात असं घरात सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल तर सूनबाईला. हे कुणाला सांगून पटलं नसतं. पण हिशेब सरळ होता. नवरा जेवताना बोलायचा तो लिफ्टच्या दोरांबद्दल आणि जेवण झाल्यावर बोलायचाच नाही. दुकानातल्या गमती फोनवर ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या त्या एकट्या आत्या. एका गिऱ्हाइकाने कित्येक महिने बायकोचा चष्मा घातला आणि "हल्ली जग सुधारलंय" म्हणत राहिला, ही गोष्ट तर आत्यांनी तीनदा सांगायला लावली होती. असं माणूस कायमचं घरात यायचं म्हणजे काय चैन! ते केवळ धुळीपायी हातचं जाऊ द्यायचं?

दुसऱ्या दिवशी आत्या उठायच्या आत सूनबाईने कट्टा, टेबल आणि फ्रिज घासून काढले. आत्या उठल्या आणि दाराच्या चौकटीवरून बोटं फिरवत स्वयंपाकघरात आल्या. सूनबाईने चौकट घासली. मग बोटं कपाटावर गेली. आत्यांची बोटं पुढे आणि सूनबाईचा फडका मागे, असा घरात रोजचा फेरा सुरू झाला. मोरीत बाटल्यांची रांग लागली. जमिनीची बाटली, काचेची बाटली, बेसिनची बाटली, आणि एक निळी, जिच्यावर मरताना तोंडं वाकडी करणाऱ्या जंतूंचं चित्र होतं. लेबलावर सांगितलंय त्याच्या दुप्पट ती प्रत्येकीतून ओतायची, कारण लेबल लिहिणाऱ्याने आत्यांना पाहिलेलं नव्हतं.

संध्याकाळ मात्र दोघींची. आत्या पाय लांब करायच्या, सूनबाई त्यांच्या गुडघ्यांना फुलांच्या वासाचा बाम चोळायची आणि दुकानातलं ताजं सांगायची.

आठवडा सरला आणि सूनबाईच्या बोटांच्या बेचक्यांत आग व्हायला लागली. कातडी आधी कोरडी पडली, मग तडकली, मग लाल झाली. तो लाल रंग मनगटावरून निघाला आणि मानेवर, पापण्यांवर दिसू लागला. निळी बाटली फवारली की शिंका. चष्म्याच्या दुकानात हे कसं चालावं? गिऱ्हाइकाच्या नाकाशी हात न्यायचा तर गिऱ्हाईक नाक मागे घेई.

"बाई, हे लागट तर नाही ना?" एका गृहस्थांनी विचारलं.

"नाही हो, अजिबात नाही."

"मग आधी तुमच्या मालकांच्या नाकावर बसवून दाखवा."

मालकांनी स्वतःचं नाक वाचवण्यासाठी तिला मागच्या खोलीत काचा पुसायला बसवलं. स्पिरिटने. बोटांचं जे काही उरलं होतं ते स्पिरिटने आटोपलं.

नवऱ्याने मग प्रकरण हातात घेतलं. "हे बघ, लिफ्ट बंद पडली की आम्ही काय करतो? एकेक पार्ट बाजूला काढून बघतो. जो काढल्यावर चालते, तो खराब. आता सांग, घरात नवीन पार्ट कुठला आलाय?"

सूनबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग आतल्या खोलीकडे पाहिलं. "अहो, काहीतरीच काय बोलता!"

"काहीतरीच नाही. टेस्टिंग."

आणि त्याने "धाकटी आठवण काढतेय" असं सांगून शनिवार-रविवार आत्यांना आपल्या बहिणीकडे नेऊन सोडलं. घरात बोटं नाहीत म्हटल्यावर सूनबाईने फडका कशाला हातात घ्यावा? ती दोन दिवस लोळली. भांडीसुद्धा नवऱ्याने घासली. आग कमी झाली, पापण्यांची सूज ओसरली. सोमवारी आत्या परत यायच्या म्हणून ती पहाटे उठली आणि दोन दिवसांची कसर चारही बाटल्यांनी भरून काढली.

आत्या दारात आल्या. "काय गं, कशी आहेस?"

उत्तरादाखल सूनबाईला ज्या शिंका लागल्या, त्या आत्या पुन्हा बाहेर जाईपर्यंत थांबल्या नाहीत. नवऱ्याने कपाळावर हात मारला. "सापडला फॉल्ट," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात आनंद नव्हता. लहानपणी त्याला सायकल ह्याच पार्टने शिकवली होती.

बातमी नणंदेकडे पोचायला वेळ लागला नाही. तिचा फोन आला तेव्हा सूनबाईच्या बोटांना मलम होतं, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला.

"वहिनी, आत्या नको होती तर सरळ सांगायचंस. त्यासाठी अंगावर पुरळ आणायची काय गरज होती?"

"अगं, पुरळ काय मागवून येतं?"

"मनातलं अंगावर उमटतं म्हणतात."

ही गोष्ट सूनबाईला फार लागली. जी बाई घरात राहावी म्हणून तिने हाताची सालं काढून घेतली, तिच्याविरुद्ध सूनबाईच्याच कातडीने साक्ष दिली होती, आणि कातडीची उलटतपासणी कशी घ्यायची हे तिला ठाऊक नव्हतं.

स्पीकरवरचं बोलणं आतल्या खोलीतही गेलं होतं. आत्या खमक्या बाई. रडल्या-बिडल्या नाहीत. आपल्यात जे काही दोषास्पद असेल ते धुऊन टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. सकाळ-संध्याकाळ जंतुनाशक साबणाने आंघोळ. कपडे पावडरीच्या घट्ट फेसात रात्रभर भिजवलेले. बसण्याआधी खुर्चीवर निळ्या बाटलीचे दोन फवारे, उठल्यावर दोन. थोड्याच दिवसांत आत्यांच्या पाठीला अशी काही खाज सुटली की विचारू नका. पण रेक्टरबाईंनी चारचौघांत खाजवायचं तरी कसं?

एका दुपारी सूनबाई मान खाजवायला म्हणून अडगळीच्या खोलीत शिरली, तर आत्या डोळे मिटून कपाटाच्या कोपऱ्यावर पाठ घासत होत्या.

आत्यांनी डोळे उघडले. "हे कपाट जरा वाकडं झालंय. सरळ करत होते."

"मीही त्यासाठीच आले," सूनबाई म्हणाली. आणि तिने दुसरी बाजू धरली.

नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे फॉल्ट दोन्हीकडे! हिला तिची अ‍ॅलर्जी आणि तिला हिची!" त्याच संध्याकाळी आत्यांनी शांतपणे वृद्धाश्रमाला फोन लावला. नाव पक्कं करा. शनिवारी गाडी पाठवा.

"शनिवारच्या आत मला डॉक्टरकडे न्या," सूनबाई नवऱ्याला म्हणाली. "ह्यात आत्यांचा काही संबंध नाही, असं मला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय. आणि आत्यांनाही ऐकवायचंय."

कातडीच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सूनबाईच्या पाठीवर बारीक बारीक पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीत वेगळं काहीतरी, आणि दोन दिवस पाठ ओली करू नका म्हणून सांगितलं. शनिवारी सकाळी तिघं पुन्हा गेली. पट्ट्या दोन दिवसांपूर्वीच तिथे काढून झाल्या होत्या. सगळी पाठ स्वच्छ, एकाच जागी लालभडक चौकोन.

"सुगंध," डॉक्टर म्हणाल्या. "फुलांच्या वासासाठी घालतात त्यातली एक गोष्ट. घरात कशात असते?"

मग आत्यांनी पर्समधून बामाची डबी काढली आणि हळूच टेबलावर ठेवली.

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "म्हणजे आत्यांमुळेच?"

"थांबा हो. एवढी कसली घाई?" डॉक्टरांनी तिचा हात उजेडात धरला. "ह्या बामाचं सोडा, आधी ह्या हातांचं सांगा. दिवसातून किती वेळा पाण्यात जातात? काय काय लावता?"

"ते आत्या कुठे कुठे बोटं फिरवतात त्यावर आहे," सूनबाई म्हणाली. आणि मग बाटल्या, दुप्पट माप, स्पिरिट, आत्यांचा साबण आणि पाठीची खाज, सगळं बाहेर आलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "खिडकीला जाळी असते ना? तुम्ही ती रोज घासून घासून फाडलीत. आता डासांना नावं ठेवून काय उपयोग? धडधाकट कातडीवर हा बाम वर्षभर चोळला असता तरी बहुधा तो बाहेरच बसून राहिला असता. तुम्ही फुटक्या हातांनी चोळलात. तो आत गेला. शरीराने त्याला एकदा शत्रू म्हणून बघून ठेवलं, आता दिसला की भांडण. नाकाच्या आतही असंच नाजूक अस्तर असतं, ते फवाऱ्यांनी जातं. तुम्ही घराबरोबर स्वतःलाही घासलंत." मग त्या आत्यांकडे वळल्या. "आणि तुमच्या पाठीला फक्त साबण कमी करायचाय. पण तुम्ही एवढी बोटं कशाला फिरवता घरभर?"

आत्या लाल झाल्या. पुरळाने नव्हे.

"आधाराला," त्या म्हणाल्या. "गुडघा कधी दगा देईल नेम नाही. काठी घेऊन आले असते तर म्हटलं, धडधाकट असेन तोवर ठेवून घेतील, काठी बघून..."

तिघं घरी आली. सूनबाईला वाटलं, आता सुटला प्रश्न. पण आत्यांनी बॅग दारात आणून ठेवली.

"बाम टाकला मी. पण तुझं घासणं कसं टाकणार? मी समोर असले की तुला रेक्टरच दिसणार. तुझे हात बरे व्हायचे तर मी गेलेलंच बरं."

"नाही हो आत्या, राहा ना. मी मुळीच घासणार नाही. फक्त उद्या तेवढे पडदे..."

"बघ!" आत्या म्हणाल्या.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. आत्यांनी बॅगेचा बंद धरला. आणि सूनबाईचं काय झालं कोण जाणे, आयुष्यात सासरच्या माणसासमोर तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला.

"ठेवा ती बॅग! ठेवा म्हणते ना! रात्रभर घोरता, झोप लागत नाही मला. चहाचा कप न्याल तिथे विसरता. मी गोष्ट सांगायला लागले की शेवट यायच्या आधीच हसता, सगळी मजा घालवता. गुडघा दगा देतो ते घरच्यांना सांगत नाही, कपाटाला सांगता. आणि वर मला न विचारता निघालात! हाताची सालं निघेपर्यंत घासलं ते काय फिनेल आवडतं म्हणून? तुम्ही राहाव्यात म्हणून! बसा तिकडे. गपचूप."

नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं.

आत्या बसल्या. मग भाच्याला म्हणाल्या, "अरे, उभा काय राहिलास? खाली जाऊन गाडीवाल्याला सांग, म्हातारी येत नाही. आणि परत येताना बिस्किटं आण. इतके दिवस तुकडे सांडतील म्हणून खाल्ली नाहीत मी."

बिस्किटं आली. आत्यांनी सोफ्यावर पाय घेतले, एक बिस्कीट काढलं आणि मुद्दाम, सूनबाईच्या डोळ्याला डोळा भिडवून, मधोमध मोडलं. चुरा सोफाभर झाला. सूनबाईचा हात फडक्याच्या दिशेने गेला, वाटेत थबकला आणि मागे आला. मग ती सरळ जाऊन त्या चुऱ्यावरच बसली.

"तर काल दुकानात एक गंमत झाली," ती म्हणाली.

आत्या हसायला लागल्या.

"अहो, अजून सांगितलीच नाही मी!"

"माहितेय गं. सरक जरा. माझा अर्धा तुकडा तुझ्याखाली गेलाय."