नणंदेच्या गेमचा डोळा

खंडेनवमीच्या सकाळी बरोबर नऊ वाजून वीस मिनिटांनी मी ठरवलं, की यंदा पूजेत नणंदेचा व्हिडिओ गेमही मांडायचा. शिलाई मशिन, मिक्सर, विळी, ह्यांचे स्कूटरचे पाने, सगळ्यांना कुंकू लागणार आणि पाहुण्या मशिनलाच तेवढं वगळायचं, हे बरं दिसतं का? (मी सातवीपर्यंतच शिकले, पण रीत कळते. आणि कुठलंही काम अर्धवट करायची मला सवय नाही.)

सौंदर्यावन्सं घर बदलायच्या गडबडीत तो आमच्याकडे ठेवून गेल्या होत्या. "वैनी, सीडी घ्यायचा भाग लई नाजूक हाय, जपा," असं चारदा बजावलं होतं. उद्या दसऱ्याला न्यायला येणार होत्या.

दुपारी माझ्या लेकीनं, शिवांजलीनं, सीडी घातली. गरगर, खर्रर्र, आणि पडदा काळा. सीडी पदराला पुसून पुन्हा घातली. तेच.

माहेरी ठेवलेली वस्तू वैनीनं घालवली, हे मला जन्मभर ऐकावं लागणार. पण हात लावला कुणी?

शेजारच्या विठाबाई सकाळी विरजण द्यायला आल्या होत्या, तेव्हा गेमकडं बघून म्हणाल्या होत्या, "केवढ्याचा गं ह्यो?" किंमत विचारतात म्हणजे मनात काहीतरी असणारच! मी भिंतीवरूनच विचारलं, "विठाबाई, आमच्या गेमला हात लावलासा व्हय?"

"मला टीव्हीचं बटन घावत न्हाई, आन् तुजा गेम मोडीन व्हय? उद्यापासनं विरजण दुसरीकडनं आण!"

(खऱ्या माणसाला एवढा राग येतो का?)

ह्यांना विचारलं. "मी सकाळपासनं स्कूटर धुतोय की!"

(एक स्कूटर? पाच तास?)

शेवटी हे आणि मी गेम घेऊन आकाराम टीव्हीवाल्याच्या दुकानात गेलो. हे लोक आतला चांगला भाग काढून जुना बसवतात म्हणे, म्हणून मी स्टूल ओढून त्याच्या नाकासमोर बसले.

"वैनी, जरा सरका की. उजेड येऊ दे."

"न्हाई सरकणार. तुमी करा."

"ह्या मशिनचा डोळा, म्हंजे सीडी वाचायचं भिंग, पट्टीवर सरकतंय आन् पट्टी झिजली की खाली बसतंय. मग सीडी वाचत न्हाई. काही लोकं मशिनच पालथं घालून खेळत्यात."

(बघा! आता नवा डोळा गळ्यात मारणार.)

त्यानं झाकण उघडलं, बॅटरी मारली आणि आत वाकून बघितलं. मग ह्यांना म्हणाला, "दादा, हिकडं या. डोळ्याला हळद-कुंकू कुणी लावलंय? वर अक्षता बी हायत."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे. आता पूजा करायची म्हटल्यावर, जिथं मशिनचा जीव तिथंच माणूस बोट लावणार की!

आकारामनं कापसानं डोळा पुसला, तांदळाचे तीन दाणे काढून माझ्या हातावर ठेवले, आणि गेम सुरू झाला. दसऱ्याला वन्सं म्हणाल्या, "वैनी, आदीपेक्षा झ्याक चालतंय. काय केलंसा?"

"पूजा," मी म्हटलं. ह्यांना ठसका लागला.

तेव्हा बायांनो, पूजा झाकणावरूनच करा, हे चार घरी सांगा. आणि आमच्या गल्लीत कुणी येणार असाल, तर विठाबाईंच्याही कानावर घाला, की माझा त्यांच्यावर कधीच संशय नव्हता. मीच सांगितलं असतं, पण भिंतीपलीकडून उत्तर येत नाही. येताना वाटीभर विरजणही मागून आणा. माझं नाव तेवढं सांगू नका.