हौसाची तपासणी

आमच्या गल्लीत एक शाळा होती. तिथं मास्तरही हौसा, विद्यार्थीही हौसा आणि घंटा बडवणारा शिपाईही हौसाच. वय म्हणाल तर बारा-तेरा. सकाळी दारात टांगलेल्या पत्र्यावर लाटणं हाणलं की शाळा भरली. पाढा चुकला तर स्वतःच उंबऱ्याबाहेर येऊन अंगठे धरून उभी राहायची. कुणी विचारलं, "काय केलंस गं?" की वाकलेल्या अवस्थेतच उत्तर, "सतराचा पाढा चुकला. आत घेत न्हाईत."

सत्तर सालाच्या पुढंमागं, मंगळवार पेठेतली ही गोष्ट. मी नवी सून. हौसाचं घर अगदी समोर. आई वारलेली. बाप इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला. आधी दर सुट्टीला यायचा, मग त्यानं तिकडंच दुसरा संसार मांडला आणि येणं सणावारावर आलं. घरात एक चुलती, ती मिरचीच्या व्यापाऱ्याकडं निवडायला जायची, अंधार पडल्यावर परत. दिवसभर घरात हौसा आणि तिची शाळा.

खऱ्या शाळेत का जात नाहीस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "वैनी, तिथं बाईच सारखं इचारत्यात. मला काय इचारायचं हाय, त्याचा तासच न्हाय."

तिचे तास मात्र बघण्यासारखे. भूगोलाला ती एसटी स्टँडवर जायची. चंदगडची गाडी लागली की दाराशी उभी. "पावणं, तिकडं पाऊस कसा काय? काजू धरला का?" लोकही सांगत बसायचे. गारगोटीचे एक पाहुणे बाजाराची हकिकत सांगण्यात असे रंगले, की त्यांची पुढची गाडी निघून गेली. ते गाडीमागं धावताहेत आणि ही मागून ओरडतेय, "पावणं, गूळ ऱ्हायला सांगायचा!"

आणि शेवटचा तास धंद्याचा. मिरची ओळखायला ती चुलतीकडून शिकली. रंगाला ब्याडगी, झटक्याला संकेश्वरी. आमच्याकडं वर्षाची कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात होते, आणि ती होईतो घरादाराला शिंका. हौसानं दारोदार सांगितलं, "जिन्नस तुमचा, चटणी माझी. पण परतेक घराची येगळी." मग घरोघर चौकशी. म्हातारं माणूस किती, मटण कवा होतंय, कुणाला मूळव्याध हाय का? त्या शेवटच्या प्रश्नावर आमचे मामंजी असे भडकले! ती शांत. "शिक्षणाला लागतंय," म्हणाली.

पहिल्याच खेपेला दोन डबे बदलले. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या पैलवानांकडं सौम्य चटणी गेली, आणि पेन्शनीतल्या अण्णांकडं पैलवानांची. पैलवान रस्त्यात येऊन गरजले, "हौशे, ही चटणी हाय का कुंकू?" अण्णांना तर बोलताच येईना. खिडकीतून नुसता रिकामा तांब्या बाहेर आला. हौसानं डबे जागच्या जागी केले आणि भर गल्लीत अंगठे धरले.

तेव्हापासून तपासणी सुरू झाली. दुपारी शाळेची मधली सुट्टी झाली, की हौसा कुणाच्या तरी पानासमोर हजर. भिंतीला टेकून बसायची आणि जेवणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची.

"तक्रार हाय का?"

"न्हाय."

"पाणी किती प्यालासा?"

जेव म्हटलं, तर म्हणायची, "तपासणीला आलंय माणूस, जेवायला न्हवं." आणि तरी पंगत उठेपर्यंत हलायची नाही.

श्रावण आला तरी तपासणी चालूच. एकेका घरानं हात जोडले. राहिलं आमचं. आमच्या सासूबाईंची जीभ म्हणजे आधीच संकेश्वरी. एके दिवशी म्हणाल्या, "हौशे, ब्येस झालीया चटणी. किती दिस आमच्या तोंडाकडं बघत बसणार हैस? घास उतरंना झालाय."

"म्हंजे... तक्रार न्हाय?"

"तिळभर न्हाय."

दुसरा धंदेवाला असता तर नाचला असता. हिचं तोंड एवढंसं झालं. "बरं मामी," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर एका दुपारी मी चाळण मागायला तिच्याकडं गेले. दार लोटलेलं. आत माणसं बोलत होती. मला वाटलं, पाहुणे आलेत. आधी पैलवानांचा घोगरा आवाज, "झटका कमी हाय, हौशे!" मग अण्णांची बारीक ढास. मग चक्क आमच्या सासूबाई, "घास उतरंना झालाय, पोरी!"

फटीतून बघितलं. हौसा एकटीच भाकरी घेऊन बसली होती. "तक्रार हाय का?" असं स्वतःच विचारायची आणि थोडं थांबायची. समोरचं माणूस घास चावतंय, तेवढा वेळ. मग त्या त्या आवाजात उत्तर द्यायची, आणि मग स्वतः एक घास घ्यायची.

मी चाळण न मागताच परतले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा हात काही थांबला नाही.

"माझा आवाज बराबर काढती?"

"हुबेहूब."

"हं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पानं मांडून झाली आणि त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "हौशे! ए हौशे! चटणी बिघडलीया तुझी! ये हिकडं!"

सगळी गल्ली बाहेर आली. हौसा पळत आली, चेहरा पांढराफटक. सासूबाईंनी तिला दंडाला धरून बसवलं आणि पुढ्यात ताट सरकवलं. भाकरी, पिठलं, कडेला चटणी, वर तेलाची धार.

"खाऊन बघ."

"पर मामी, मला भूक—"

"भुकेचं कोण इचारतंय? खाल्ल्याबिगर खराबी कळंल व्हय?"

तिनं एक घास घेतला. विचार केला. दुसरा घेतला. मग हळूच म्हणाली, "मामी, चांगली तर हाय की."

सासूबाईंनी वर न बघताच तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

"एका दिसात कळत नसतंय ते. उद्या ये. परवा बी ये."