लाईट असून माग बंद

परदेशात दीर्घकाळ राहून स्वतःचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या माणसाला सर्वप्रथम आपण कोण आहोत हे ठरवावं लागतं. ही सोय घरात सहसा नसते. ती परदेशी वकिलातींनी उपलब्ध करून दिली आहे, याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

बेळगावातल्या वडगावच्या स्वरूपानं संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर हे ठरवायला घेतलं. तिचं काम असं की परदेशातले संशोधक मोजमापं करून आकड्यांचा ढीग पाठवत, ती ते निवडून, नीट लावून, त्यांचे आलेख काढून परत पाठवी. काम घरातूनच चाले. घराच्या पुढच्या सोप्यात वडिलांचे, म्हणजे परशरामचे, दोन यंत्रमाग होते. शेजारी तेच, समोर तेच. सगळी गल्ली साड्या विणायची. फोनवर बोलताना मागून जो आवाज येई तो पावसाचा आहे, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. दोन वर्षं हा पाऊस थांबला नाही तेव्हा तिकडच्या एका हवामानतज्ज्ञानं बेळगावची स्वतंत्र चौकशी सुरू केली, आणि आपल्याला शांत खोलीची गरज आहे हे स्वरूपाच्या पक्कं लक्षात आलं. जिथं अशी खोली मिळते तिथं एक वर्ष राहून काम करायचं, एवढीच तिची इच्छा होती. (देशाचं नाव इथं दिलेलं नाही. काम होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं घरात ठरलं आहे.)

त्या देशानं दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाचे बरेच प्रकार केले होते. त्यातले चार तिनं बाजूला काढले आणि जेवणं झाल्यावर घरच्यांपुढे मांडले.

पहिला उद्योजकाचा. यात तिथल्या दोन माणसांना नोकरीला ठेवावं लागतं.

"तिथलीच कशाला?" परशराम म्हणाला. "आपल्या गल्लीतला मंथन बिनकामाचा बसूनच हाय की."

दुसरा दूरस्थ कामगाराचा. यात तिथं राहायचं, पण तिथल्या कुणाचं काम करायचं नाही. स्वरूपाची सगळी गिऱ्हाइकं तिथलीच असल्यामुळं या व्हिसावर तिला त्यांच्या शेजारी राहायला मिळालं असतं, फक्त काम सोडावं लागलं असतं.

तिसरा, साठवलेल्या पैशावर बसून खाणाऱ्यांचा. यात काम करायला सक्त मनाई. हा प्रकार घरात एकमतानं पसंत पडला.

"काम केलं तर हाकलत्यात?" आज्जीनं, अंबूबाईनं, दोनदा विचारून खात्री करून घेतली. "मग हे सोडून कामाचा कशाला भरतीस गं, येडे?"

त्यासाठी बँकेत किती रक्कम लागते हे स्वरूपानं सांगितलं. तेवढी रक्कम असलेला माणूस वडगाव सोडून जाईलच कशाला, या प्रश्नावर तो विषय संपला.

चौथा स्वतंत्र व्यावसायिकाचा. याची अट एकच होती: अर्जदारावर कुणी साहेब नसावा. कामाची वेळ, जागा आणि दर त्यानं स्वतः ठरवलेले असावेत. स्वरूपानं चारही प्रकारांना गुण दिले आणि चौथा पहिला आला. घरच्यांनी तिच्या निवडीत काही दुरुस्त्या करून तोच पुन्हा निवडला.

अर्ज भरताना परराष्ट्र खातं भरमाकाकांकडं होतं. घरात पासपोर्ट काढलेले ते पहिलेच. तो एकही शिक्का न पडता संपला, त्यामुळं त्यांचं मत कुठल्याही देशाकडं झुकलेलं नव्हतं. 'राज्य' असा रकाना आला तेव्हा काकांनी तिथं 'प्रकरण न्यायप्रविष्ट' असं लिहायला सांगितलं. स्वरूपानं आधार कार्डावर आहे ते लिहिलं. (काका दोन दिवस वेगळे जेवले.)

शेवटी संगणकावरून मुलाखत ठरली. तीत नापास झाल्यास त्याच प्रकारात वर्षभर अर्ज करता येत नव्हता. म्हणजे त्या एका तासात तरी वडगावात पाऊस पडून चालणार नव्हता.

त्या सकाळी परशराम गल्लीत घरोघर गेला. बातमी फुटू नये म्हणून खाली मान घालून, हळू आवाजात, एवढंच म्हणाला, "तासभर माग बंद ठेवशील काय रं? आमच्या घरचं हाय."

कुणी काही विचारलं नाही. अशा वेळी विचारत नसतात. दोघातिघांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगी लांब जाणार हे यांना कळलंय की काय, या शंकेनं परशरामचे डोळे भरून आले, आणि उरलेल्यांचीही खात्री पटली.

इथं एक नियम सांगितला पाहिजे. वडगावात माग थांबायची कारणं दोन: लाईट जाणं, किंवा गल्लीतलं कुणी जाणं. (सणाला थांबतात, पण ते कॅलेंडरात लिहिलेलं असतं.) गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मालुबाईपर्यंत परशराम पोचला नव्हता. तिला नुसती शांतता ऐकू आली. तिनं वर बघितलं. पंखा फिरत होता. पहिलं कारण बाद झालं. बाहेर येऊन बघते तर परशरामच्या खिडकीतून आत भिंतीला लावलेली पांढरी चादर दिसत होती (मागची बाजू पांढरी असावी, ही भरमाकाकांची सूचना) आणि कट्ट्यावर रोज बसणाऱ्या अंबूबाई नव्हत्या (त्यांना मुलाखतीत बोलायचा मोह होऊ नये म्हणून मागच्या खोलीत बसवलं होतं). संख्याशास्त्रात इतकं स्वच्छ अनुमान क्वचितच हाती लागतं.

आत मुलाखत उत्तम चालली होती. पलीकडं शांत चेहऱ्याच्या एक अधिकारी बाई होत्या. त्या देशानं सौजन्य म्हणून एक मराठी दुभाषीही बसवला होता, पण स्वरूपाचं इंग्रजी चांगलं असल्यामुळं तो नुसताच हसऱ्या चेहऱ्यानं बसून होता. लॅपटॉपच्या मागं आई, परशराम आणि भरमाकाका श्वास रोखून उभे होते.

कामाची वेळ कोण ठरवतं, बाईंनी विचारलं.

मी, स्वरूपा म्हणाली.

आणि दर?

मीच.

दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला न ओरडता आपला आवाज ऐकू येत होता. तो बरा होता, असं तिला वाटलं. ही नोकरी नाही, हे माझं आहे, असं काहीतरी ती पुढं म्हणणार होती.

तेवढ्यात दार उघडलं आणि मालुबाई पाचसहा बायकांसह आत आली. "आक्का, न सांगता कशी गेलीस गं," असा अंबूबाईंच्या नावानं सूर लावत तिनं स्वरूपाला छातीशी धरलं. पडद्यावरच्या अधिकारी बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. काही झालेलं नाही, असं स्वरूपा पदराआडून म्हणाली. "रड पोरी, दाबून ठेवू नकोस," मालुबाई म्हणाली.

रडणं ऐकून मागच्या खोलीतून अंबूबाई आल्या आणि बायकांत बसून रडू लागल्या. कोण गेलं हे त्यांनी विचारलं नाही. ती चौकशी नंतर करायची असते. बराच वेळ त्या आणि मालुबाई शेजारीशेजारी रडल्या. मग मालुबाईनं त्यांना पाणी द्यायला तांब्या उचलला आणि तोंड बघितलं.

"आक्का, तू हैस व्हय?"

"मी हाय की. गेलं कोण?"

नाइलाजानं भरमाकाकांनी व्हिसाची गोष्ट फोडली. आपल्याकडं दुःखाला वेळ लागतो, सल्ल्याला लागत नाही. अधिकारी बाईंनी रिवाज म्हणून मघाचाच प्रश्न पुन्हा विचारला: वेळ कोण ठरवतं? इतका वेळ रिकामा बसलेला दुभाषी पुढं सरकला.

"पूजा झाल्याबिगर हिला बसू देत न्हाय मी," परशराम म्हणाला.

"रात्री मी वायरच काढून ठेवते. डोळं जात्यात," आई म्हणाली.

"दर लई लावू नको म्हणून मीच सांगिटलंय," भरमाकाका म्हणाले. "वळखीची माणसं हैत."

"आणि सोमवारी आमच्या सौम्याचं गणित घ्यायचं असतंय हिला," मालुबाईनं थेट पडद्याशी जाऊन सांगितलं. "तवा तुमचं काम हुणार न्हाय. आधी सांगितलेलं बरं."

दुभाष्यानं सगळं निष्ठेनं पोचवलं. बाई लिहून घेत होत्या.

त्याच आठवड्यात निर्णय आला. 'अर्जदार ही स्वतंत्र व्यावसायिक असल्याचे आढळून येत नाही. मुलाखतीदरम्यान तिचे अकरा पर्यवेक्षक उपस्थित होते. पैकी एका पर्यवेक्षकांचे निधन झाल्याचे सांगण्यात आले. तथापि त्या स्वतः हजर होत्या. सबब अर्जदार ही नोकरदार आहे. तिने "संस्थेने पाठवलेला कर्मचारी" या प्रकारात अर्ज करावा. या प्रकारास वर्षभर थांबण्याची अट नाही. मालकाची सही आवश्यक.'

स्वरूपानं तो निर्णय तीनदा वाचला आणि त्यात तिला तर्काची एकही चूक सापडली नाही.

म्हणजे आता फक्त एक सही उरली आहे. घर आणि वीजबिल आपल्या नावावर असल्यामुळं मालक आपण, असं परशरामचं म्हणणं. पासपोर्टचा अनुभव आपला, असं भरमाकाकांचं. अंबूबाई वयानं मोठ्या आहेत, शिवाय एकदा जाऊन आलेल्या आहेत. मालुबाईनं सोमवारचा हक्क सोडलेला नाही. चर्चा चालू आहे. भरमाकाकांच्या मते इथल्या इतर प्रलंबित प्रकरणांच्या मानानं हे अजून कोवळं आहे. स्वरूपा रोज तिकडच्या लोकांशी बोलते. पाऊस कसा आहे, ते विचारतात. आहे, ती सांगते.

एव्हाना वाचकांच्या मनात आलं असेल की पोरीनं मुलाखत सरळ एखाद्या मैत्रिणीच्या घरी बसून द्यायला हवी होती. सूचना उत्तम आहे. तिलाही ती सुचली होती. तिनं घरात विचारलं होतं. आपल्याला, म्हणजे वाचकांना, मात्र तिनं काहीच विचारलेलं नव्हतं. तेव्हा पर्यवेक्षक क्रमांक बारा म्हणून आपलं नाव अर्जात घेण्यात येत आहे. सवडीनं येऊन जावं, आणखी काही सुचत असेल तर तेही सांगावं. फक्त जरा मोठ्यानं बोलावं लागेल. माग चालू आहेत.