अक्षरांची रमी

दीपा मॅडमनी पत्ते आणले ते केवळ पुठ्ठ्यासाठी. कागदाच्या चिठ्ठ्या पोरांच्या घामट हातात दोन दिवसांत लोळागोळा होत. म्हणून त्यांनी घाटंजीच्या बाजारातून पत्त्यांचा कॅट घेतला, राजा-राणीच्या तोंडावर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर क, मा, ळ, नी अशी अक्षरं लिहिली. पाच पानं हातात घ्यायची, एक उचलायचं, एक टाकायचं. पानापानाचा आवाज काढायचा, आवाज जुळून शब्द झाला की मोठ्यानं वाचून खाली मांडायचा. घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलणारी जी सहा पोरं पुस्तकातल्या मराठीला दाद देत नव्हती, ती या डावापायी मधली सुट्टीसुद्धा विसरू लागली.

त्यातली सगळ्यात मागची बबिता, चौथीतली. तिच्या आजीनं, मानीबाईनं, मॅडमना सरळ सांगून टाकलं होतं, "वाचता येत नसन त पाचवीत घाटंजीले कायले धाडू? कापूस तरी वेचन." तीन आठवड्यांत बबिता दोन अक्षरं जोडू लागली, तेव्हा मॅडमनी कौतुकानं अख्खा कॅट सरावासाठी तिच्या दप्तरात घातला. कौतुक असं अंगाशी येतं.

कारण या तांड्यात पत्तेबंदी होती. नवऱ्याचं अर्धं आयुष्य पत्त्यांत गेल्यावर मानीबाईनंच दोन वर्षांपूर्वी बायका गोळा करून ती करवली होती. मॅडम राळेगावकडून यंदाच बदलून आलेल्या, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. मानीबाईला नातीच्या दप्तरात लाल पाठीचे पत्ते दिसले. तिला वाचता येत नव्हतं, पण ती पाठ तिनं डोळे मिटूनही ओळखली असती. उलटून बघायचीही तसदी न घेता तिनं कॅट चुलीत घातला.

"आजी, ते मॅडमचे हायेत," बबिता रडत म्हणाली. "मी काल तीन डाव जिंकली."

एवढं पुरलं. संध्याकाळी तांड्याचे प्रमुख, नायक प्रेमसिंग यांच्या ओट्यावर पंच बसले आणि मॅडमना बोलावणं गेलं.

"तुमी शिकेल-सवरेल मानूस," नायक म्हणाले, "अन् लेकराइले जुगार शिकवून राह्यल्या?"

मॅडमनी खेळ समजावून सांगितला. पंचांतले म्हातारे धावजी मन लावून ऐकत होते.

"पाच पानं वाटाची, एक उचलाचं, एक टाकाचं," ते म्हणाले. "हे त रमी झाली."

"अक्षरांची," मॅडम म्हणाल्या, पण आवाज हवा तेवढा ठाम निघाला नाही.

"मंग दाखवा खेळून."

दाखवणार कसं? पत्त्यांची राख झालेली, बाजाराला चार दिवस अवकाश आणि पंचांना निकाल आजच हवा. शेवटी उपाय नायकांनाच सुचला. बंदीच्या दिवशी जप्त केलेले कॅट त्यांच्या लोखंडी पेटीत कुलपात होते. त्यांनी एक आणला. मॅडमनी तिथंच कागद चिकटवले, अक्षरं लिहिली.

"द्या इकडं, मी पिसतो," म्हणत नायकांनी कॅट हाती घेतला, आणि पानं सराईत सफाईनं एकमेकांत शिरली. मानीबाईनं एक पान उचलून अंगठ्यानं चाचपलं.

"नायक, हे दोन साल पेटीतच होते ना?"

"होते."

"मंग याइच्यावर चहा कोनं सांडला? डाग अजून चिकट हाय."

नायकांना एकाएकी खोकला आला. धावजी कडुनिंबाची पानं मोजू लागले. त्यानंतर जुगाराचं नाव कुणी काढलं नाही.

डाव मात्र व्हायचाच होता. एवढ्या माणसांत मॅडमनी बबिताला पुढं बसवून पाच पानं वाटली. हातातली पानं ती नुसती इकडची तिकडे करत होती. हिला आपण चारचौघांत हरवायला बसवलं, असं मॅडमच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. तेवढ्यात बबितानं एक पान उचललं, दुसऱ्याशेजारी ठेवलं.

"मा... नी. मानी." ती थांबली. "आजी, हे तू."

मानीबाई वाकली. पासष्ट वर्षं लोकांनी हाक मारलेलं नाव ती पहिल्यांदा बघत होती.

"येवढीशीच हावो मी?"

"बाई लावाले अजून दोन पानं लागते."

बा गड्डीत सापडलं. ई धावजींनी खिशातून काढून दिलं. तिथं ते कसं गेलं हे कुणी विचारलं नाही. चार पानं जुळली तशी मानीबाईनं ती उचलली, कमरेच्या बटव्यात घातली आणि उठली.

"आजी, पानं दे. डाव अडला."

"अडू दे. घाटंजीची बस सकाळी किती वाजता राह्यते, ते मॅडमले इचारून घे."