दुकानातले तीन मासे

"डोंगरातली पोर घरात आली आणि त्याच महिन्यात समोर हॉटेल उभं राहिलं. पायगुण म्हणतात तो हाच!"

सासूबाई, म्हणजे एर्मेलिंदा, हे शेजारणीच्या कानात सांगत होत्या. पण चाळीस वर्षं लाटांवर आवाज चढवून बोललेल्या बाईची कुजबुज ती! मागच्या दारी युकाचे कंद सोलत बसलेल्या नेलिदाला ती स्वच्छ ऐकू आली. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. तिने सुरी ठेवली आणि आपल्या पायांकडे पाहिलं. तीन मजली इमारत उभारण्याइतकं बळ त्यांत कुठे दिसेना.

हॉटेलचं दुखणं असं होतं. सासरे कासिमिरो समुद्रातला हेकरू माशांचा खडक शोधायचे तो चर्चचा मनोरा आणि मागच्या टेकडीतली खाच एका रेषेत धरून. ही खूण त्यांना बापाने सांगितलेली, त्यांनी ती मुलाला, म्हणजे नेलिदाच्या नवऱ्याला, विल्मेरला दिलेली, आणि बाकी गावाला तिचा पत्ता नाही. आता त्या खाचेपुढे हॉटेलची पाण्याची टाकी बसली होती. आणि सान पेद्रोचा सण आठवड्यावर आलेला! सणाच्या आदल्या दिवशी ज्याच्या होडीत सगळ्यात मोठा मासा, त्याच्याच होडीतून दुसऱ्या दिवशी संताची मूर्ती मिरवायची, हा गावाचा रिवाज. अकरा वर्षं हा मान कासिमिरोंकडे होता. यंदा तो गेला तर हॉटेलवाल्यांना कोण बोलणार? बोल लावायला घरात दोन पाय आयते होते.

तेव्हा ठरलं की पाण्याची खोली मोजणारं, मासे दाखवणारं यंत्र घ्यायचं. बापलेक पिउरा शहरात गेले. नेलिदाला नेलं ते पिशव्या धरायला.

दुकानदाराने तीन यंत्रं मांडली. "हे साधं, पण दणकट. हे मधलं घ्या, उन्हातही पडदा लख्ख दिसतो."

"मासे किती दाखवतं?" कासिमिरोंनी विचारलं.

"ते समुद्रावर आहे, काका."

"समुद्रावर सोडायचं तर यंत्र कशाला घ्यायचं?"

तेवढ्यात त्यांची नजर तिसऱ्यावर गेली. रंगीत पडद्यावरून तीन मासे चालले होते: दोन लहान, एक मोठा. पुन्हा दोन लहान, एक मोठा.

"विल्मेर, बघ! फळीवर ठेवलंय, पाण्याचा थेंब नाही, तरी तीन! समुद्रात काय करेल हे?"

"पण बाबा, उन्हात ते मधलं..."

"मधल्यात एक तरी आहे का?"

"थांबा, सेटिंग बदलून देतो," म्हणत दुकानदाराने बटणाकडे हात नेला. कासिमिरोंनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही! आहे तसं बांधा. माशांसकट."

घरी आल्यावर यंत्राची पुस्तिका सासूबाईंनी तापल्या पातेल्याखाली घातली. नेलिदाने ती तिथून ओढून वाचली (घरात वाचण्यासारखं दुसरं काही म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी). चौथ्या पानावर लिहिलं होतं: दुकानात दाखवण्यापुरते यंत्रात खोटे मासे आणि खोटी खोली भरलेली असते, पाण्यात नेण्याआधी लाल बटण तीन सेकंद दाबून ती बंद करावी.

तिने नवऱ्याला सांगायला तोंड उघडलं. तोच म्हणाला, "बाबांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं गं."

तिने तोंड मिटलं. डोंगरातल्या पोरीने म्हणायचं की मासे खोटे आहेत? म्हणजे हॉटेलाच्या जोडीला अख्खा समुद्र तिच्या खात्यावर.

सणाच्या आदल्या सकाळी होडी पाण्यात उतरली आणि उन्हाने पडदा दिसेनासा झाला. यंत्रावर छत्री धरायला कुणीतरी हवं होतं. पण बाई होडीत चढली की मासा रुसतो, असं सगळा किनारा मानतो.

"न्या तिला," सासूबाई म्हणाल्या. "काही बिनसलं तर निदान कारण तरी हाताशी असेल."

"बावीस मीटर!" कासिमिरो पडद्याला नाक लावून ओरडले. "सरळ घे!"

"बाबा, पुढे वाळूचा दांडा आहे. पाणी पिवळं दिसतंय."

"तुझे डोळे बावीस मीटर खोल बघतात? यंत्र बघतं."

(त्या दांड्याला कासिमिरो लहानपणापासून डोळे मिटून वळसा घालत आले होते. आज डोळे उघडे होते, पण पडद्यावर.)

खर्रर्र! होडी थबकली.

"कुणी हलू नका! खाली बावीस मीटर आहे!"

विल्मेरने तरंगतं कडं गळ्यात घातलं, छातीवर क्रूसाची खूण केली, उडी मारली आणि गुडघाभर पाण्यात ताठ उभा राहिला.

"विल्मेर, उंच झालास रे!" किनाऱ्यावरून कुणीतरी हाक दिली.

"वाळू नवी असेल," कासिमिरो म्हणाले. "यंत्राला अजून कळलं नसेल."

छत्रीच्या आड नेलिदाने लाल बटण दाबून धरलं. एक, दोन, तीन. मासे गेले. कोपऱ्यात अर्धा मीटर उमटलं.

"पळाले! तू धाडकन उडी मारलीस, पळाले!"

"गुडघाभर पाण्यात मासे होते कुठे?"

"होते! पिउरापासून होते!"

या भांडणात दोन तास गेले, तोवर भरतीने होडी उचलली. आकडे चढू लागले: चार, नऊ, अठरा. मासा मात्र एकही नाही. कासिमिरोंनी पडद्याकडे पाठ फिरवली. म्हणून तळाची रेघ वर चढताना एकट्या नेलिदानेच पाहिली. आधी उतार, मग खिंड, मग दोन सुळके. डोंगर ओळखायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने सासऱ्यांची बाही ओढली आणि बोट दाखवलं.

तोच खडक! तिथे गळ टाकला. वर आला तो हेकरू विल्मेरच्या कमरेएवढा होता.

मान बाराव्या वर्षीही घरातच राहिला. किनाऱ्यावर मक्याच्या दारूचे, चिचाचे पेले फिरले. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, या वेळी मुळीच न कुजबुजता, "माझी सून होडीत बसली म्हणून मिळाला हो!"

"मिळाला तो माझ्या गळाला," कासिमिरो म्हणाले. "यंत्र तर बिघडलंय! आधी दिवसभर मासे दाखवायचं, आता मासे असतील तेव्हाच दाखवतं. सण झाला की परत देतो. आणि उद्यापासून पोरीला रोज होडीत न्यायचं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नेलिदाच्या पायांखालची वाळू अजून डोलत होती. तिने खुर्चीची पाठ धरली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली:

"परत नेऊ नका, बाबा. लाल बटण तीन सेकंद दाबा, तिन्ही मासे येतील. पण मला रोज नेऊ नका. मला पोहता येत नाही. खोली खोटी आहे हे होडीत मला एकटीलाच ठाऊक होतं, आणि तरीही विल्मेरने उडी मारली तेव्हा छत्रीच्या आड डोळे मिटून देवाचा धावाही मी एकटीच करत होते."